झेंडेकऱ्याचा डावा डोळा

मी अंगठ्याएवढा माणूस बोलतोय. आवाज बारीक आहे, जरा कान जवळ आणा. आणि हातात घ्यायचंच असेल तर पायाखालच्या चकतीला धरा, अंगाला नको. अंगाला धरून धरूनच माझी ही गत झाली.

प्लास्टिकचा सैनिक आहे मी. हातात झेंडा आहे म्हणून झेंडेकरी. टेबलावर खोटी लढाई खेळतात ना, फासे टाकून, टेपनं अंतर मोजून, त्या लढाईतला. मी उभा आहे तोवर माझी तुकडी पळत नाही, असा नियम आहे. आम्ही मरतो म्हणजे टेबलावरून उचलून खोक्यात जातो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जिवंत होतो. त्यामुळे मरणाचं मला काही वाटत नाही. मी मेलो तो लाजेनं.

साच्यातून निघालो तेव्हा हात एकीकडे, डोकं एकीकडे आणि झेंडा तिसरीकडे, सगळे एकाच चौकटीला चिकटलेले. तसाच खोक्यात बंद झालो. खोक्यावर आमचं असं काही देखणं चित्र छापलं होतं, की उघडणाऱ्याला आतले राखाडी तुकडे बघून रडूच यावं.

ते खोकं विकत घेतलं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं. चष्म्याच्या दुकानाच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती. ती सोडवायला तो गेला आणि वरच्या मजल्यावर त्यानं ते टेबल पाहिलं. थर्माकोलच्या टेकड्या, भांडी घासायच्या काथ्याची झाडं आणि त्यांच्यामधून चाललेली फौज. लिफ्ट सुटली, हा मात्र तिथेच अडकला.

त्या खोलीत दर रविवारी तिघेचौघे जमतात. खोली चष्मेवाल्या काकांची. एक कंपाउंडर आहे, आणि एक पावाची गाडी चालवणारा आहे, त्याला सगळे जाड्या म्हणतात. त्यांचा एकच कडक नियम: आपली फौज आपण रंगवायची. पूर्वी कोणी एक जण पैसे देऊन रंगवून घेतलेली फौज घेऊन आला होता. तिला हे लोक 'भाड्याची फौज' म्हणाले, आणि असे हसले की तो पुन्हा आला नाही.

आमच्या मालकानं घरी बसून पहिला ढोलवाला रंगवायला घेतला. पाना फिरवणारा हात तो! ब्रश असा धरला जणू स्क्रू पिळायचाय. चिखलासारखा जाड रंग चढवला. ढोलवाल्याचं नाक गेलं, तोंड गेलं, ढोलसुद्धा पोटात गेला.

खांद्यावर तान्हं बाळ घेऊन त्याची बायको मागे उभी होती.

"अहो, इतका रंग? दाराला देताय का?"

"मग तू दे! बोलायला काय जातंय?"

"बाळाला धरा."

ती बसली. लग्नाआधी ती बटणं रंगवायच्या कारखान्यात होती. नखाएवढ्या बटणावर पाच पाकळ्यांचं फूल काढायची. तिनं ढोलवाल्याला साबणाच्या पाण्यात भिजवून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडून पुन्हा माणसात आणलं. मग पाण्यासारखा पातळ रंग दिला. तो वाळला की आणखी एक हात. संध्याकाळपर्यंत ढोलवाल्याला नाक आलं, मिशी आली आणि कपाळाला आठीसुद्धा आली. मालक बघतच राहिला.

त्या दिवसापासून दुपारी बाळ झोपलं की ती आम्हाला घेऊन बसायची. पण सुखानं नाही हो. तिच्या जिवाला घोर फार. ब्रशला टोक यावं म्हणून तिनं सवयीनं तो ओठात धरला आणि दचकली. "अंगावर पाजते मी, आणि हे रंग तोंडात!" चार वेळा चुळा भरल्या. नंतर कायम डाव्या अंगठ्याच्या नखावर टोक काढायची, त्यामुळे ते नख सदा रंगीत. खिडकी उघडावी तर बाळाला वारं लागेल, बंद ठेवावी तर रंगाचा वास त्याच्या नाकात जाईल. उठताना ती आम्हाला मोजायची. एक कमी भरला की अंथरूण झटकायची, झोपलेल्या बाळाचं तोंड उघडून आत बोट फिरवायची. बाळ किंचाळून उठायचं. हरवलेला बहाद्दर बहुतेक वेळा तिच्याच मांडीखाली सापडायचा.

सासूबाई दारातून सगळं बघायच्या.

"मूल झोपलं की बायका चार कामं उरकतात. आमच्या सूनबाई बाहुल्यांना पावडर लावतात."

"त्यांचेच आहेत हो सासूबाई, त्यांनीच सांगितलंय."

"त्यानं सांगितलं म्हणे! तो लहान, का तू लहान?"

तिची मान खाली जायची. शेजारीण आली की ती आम्हाला बाळाच्या दुपट्यांखाली सारायची. तिथे अंधारात, ओल्या दुपट्यांच्या वासात आम्ही एकमेकांवर पडून असायचो. लपवावं असं काय आहे आपल्यात, असं मला वाटायचं. लाजेची ओळख मला तिथे झाली.

माझा नंबर सगळ्यात शेवटी लागला. "झेंडेकरी पुढे असतो, तो चांगला झाला पाहिजे, हात बसू दे आधी," असं ती म्हणायची. गालांवर तिनं किंचित लाली दिली. झेंड्याच्या चुण्यांत सावल्या भरल्या. शेवटी डोळे. आधी पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. तो ठेवताना श्वाससुद्धा घ्यायचा नसतो. तिनं श्वास धरला, ठिपका ठेवला, आणि तोवर नुसतं ऐकू येणारं जग मला दिसायला लागलं. पहिल्यांदा दिसली ती तीच. भिंतीएवढा चेहरा, दातांत धरलेलं जिभेचं टोक आणि डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

"झालास बाबा एकदाचा," ती म्हणाली आणि हसली. त्या घरात तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

रविवारी मालक आम्हाला त्या खोलीत घेऊन गेला. काकांनी मला उचललं, चष्मा कपाळावर सारला आणि भिंग लावलं.

"अरे लिफ्टवाल्या! ही मिशी बघा, केस न् केस दिसतोय. हे तू केलंस?"

मालकाच्या तोंडात चहाचा घोट होता. त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही म्हणाला, ते नीट कळलंसुद्धा नाही. पण जाड्यानं पाठीवर थाप मारली. "छुपा रुस्तम निघालास की!" कंपाउंडर म्हणाला, "आम्हाला शिकव बाबा." घोट गिळून झाला तरी तो काही बोलला नाही. भाड्याची फौज आणणाऱ्याला हे कसे हसले होते, ते त्याच्या कानावर आलं होतं.

माझे गाल तेव्हा लाल झाले असतील, तर कोणाला कळलं नाही. तिनं आधीच लाल केले होते.

संध्याकाळी दार उघडता उघडता तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"छान म्हणाले."

"खरंच? आणखी काय?"

"मिशी आवडली काकांना. केस न् केस दिसतोय म्हणाले."

ती आत गेली आणि बाळाला सांगू लागली, "ऐकलंस का? मिशी आवडली म्हणे त्यांना." बाळाला काय कळणार! पण घरात दुसरं सांगायला होतं कोण?

असं वर्षभर चाललं. दर रविवारी टेबलावर त्याचं कौतुक, दर संध्याकाळी दारात तिचं "काय म्हणाले?" आणि त्याचं "छान म्हणाले". सासूबाईंच्या बोलण्यानं ती आठवडाभर वाकायची, आणि त्या दोन शब्दांवर पुन्हा ताठ व्हायची. कोणाच्या तरी नजरेत आपलं काम भरतंय, एवढाच तिचा टेकू होता. आणि तो टेकू पोकळ आहे हे मला ठाऊक होतं. मला तोंड होतं, मिशीसकट होतं, पण ते बोलायच्या कामाचं नव्हतं. कौतुक ऐकताना, खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. आणि बरं वाटलं की आणखी लाज वाटायची.

वर्ष सरताना तिथे एक मोठी लढाई होते. ज्याची फौज सगळ्यात सुंदर, ती काकांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात वर्षभर मांडतात, आणि पुढे रंगवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावतात. यंदाची आमचीच, हे आधीच ठरल्यासारखं होतं. फक्त एक अडचण होती. मालकाची बोटं सारखी अंगाला लागून माझा डावा डोळा पुसला गेला होता.

"डोळा गेला की माझ्याकडेच यायचं," काका हसले. "पण हा चष्म्यानं सुधारायचा नाही. लिफ्टवाल्या, काढ बघू इथेच. आम्हीही शिकू."

जाड्यानं रंग पुढे केला. कंपाउंडरनं दिवा खाली ओढला. आता नाही कसं म्हणणार? मालकानं ब्रश धरला, तोच स्क्रू पिळायचा हात. काळ्या रंगाचा थेंब माझ्या डोळ्यावर पडला, पापणीवरून ओघळला आणि मिशीत शिरला. पुसायला गेला तर अर्धा गाल माखला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण माझ्या पायाखाली धरणी कुठली, थर्माकोल!

कोणी हसलं नाही. काका म्हणाले, "रात्रपाळी होती ना काल? हात थरथरतोय. जा, घरी निवांत काढ."

त्यांचा अजूनही विश्वास होता. त्या विश्वासानंच तो मेला. मला शर्टाच्या खिशात टाकून घरी निघाला, तेव्हा वाटेत त्याचं काळीज मला ऐकू येत होतं.

ती बाळाची दुपटी घडी करत होती. तिनं मला हातात घेतलं.

"अगं बाई! हे कोणी केलं?"

"मी."

"तुम्ही? कशाला हात लावलात?"

मग त्यानं सगळं सांगितलं. मान वर न करता, तुटक तुटक. चहाच्या घोटापासून.

ती ओरडली नाही. हातातल्या दुपट्याची घडी तिनं पूर्ण केली. मग म्हणाली, "म्हणजे मी वर्षभर विचारत होते काय म्हणाले, ते सगळं तुम्हाला म्हणत होते."

"चुकलं माझं."

"मी बाळाला सांगत बसायचे हो. येड्यासारखी."

"तू एवढा डोळा नीट कर. पुढच्या रविवारी मी सांगतो सगळ्यांना, शपथ."

तिनं मला त्याच्या पुढ्यात ठेवलं. "मी नाही करणार. हा तुमचा हात आहे, असाच न्या."

पुढच्या रविवारी त्यानं मला टेबलावर उभं केलं. जाड्या म्हणाला, "अरे, अजून आंधळाच?"

"तो डोळा मी काढलाय," मालक म्हणाला. "तेवढाच. बाकीचं सगळं माझ्या बायकोचं. पहिल्यापासून."

कोणी फासे हलवत होतं, तो आवाज थांबला.

"म्हणजे तुझीही भाड्याचीच निघाली की रे!" जाड्या म्हणाला.

"भाड्याची नाही. भाडंसुद्धा दिलं नाही मी."

 काकांनी मालकाच्या नावाची तयार असलेली चिठ्ठी खिशातून काढली, फाडली आणि कोरा कागद पुढे सरकवला. "त्यांना विचारून ये, काय लिहायचं ते."

विचारलं तेव्हा ती घाबरलीच. "माझं नाव? भर रस्त्यावरच्या दुकानात? चार माणसं वाचतील, सासूबाई काय म्हणतील?" दोन दिवस तिनं उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बाळाला भरवता भरवता म्हणाली, "लिहा. पण खाली डाव्या डोळ्याचंही लिहा."

आता आम्ही काचेच्या कपाटात आहोत. दोन्हीकडे चष्म्यांच्या रांगा. चिठ्ठीवर तिचं नाव आहे, आणि खाली बारीक अक्षरात: 'डावा डोळा, यजमान.' गिऱ्हाइकं वाकून वाचतात, माझ्याकडे बघतात आणि खुदकन हसतात. मला लाज वाटते. वाटू दे. निदान ती ज्याची त्याच्या नावावर आहे.

पण एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे. ती अजून आलेली नाही. संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन ती समोरच्या फुटपाथवरून जाते. दुकानापाशी पावलं हळू होतात. एकदा थांबलीही होती. मग कोणी ओळखीचं दिसलं असावं, पदर सावरून भराभर निघून गेली. वर्षभर आम्हाला दुपट्यांखाली लपवणारे ते हात, त्यांना अजून वाटतं की आपण काहीतरी चोरून केलं.

तुम्ही त्या रस्त्यानं जात असाल आणि अंगठ्याचं नख रंगीत असलेली एक बाई समोर घुटमळताना दिसली, तर माझं एवढं काम करा. तिला म्हणा, बाई, रस्ता ओलांडा. चार पावलांचा तर आहे. आत सगळे तुमचंच नाव वाचतायत.