गोटी आणि जाळी

खिडकीच्या कट्ट्यावर दोन कप, एक चपटी पेन्सिल, वेलचीच्या पावाचं अर्धं वेटोळं आणि एक काचेची गोटी... हिरवी, पोटात हवेचा बुडबुडा असलेली. सिगनेनं पुन्हा मोजलं. वस्तू पाच, त्यांतली एक तिची.

ती सहा वर्षांची असताना बाबांनी या न्हाणीघराची फरशी स्वतः बसवली होती, आणि पाणी कुठे जाईल ते बघायला गोटी सोडायचं काम तिचं होतं — गोटी जाळीकडे न जाता दर वेळी दाराकडे घरंगळायची, आणि दोघं पोट धरून हसायची. गोटी हरवली असंच ती इतकी वर्षं समजत होती. बाबांनी ती जपली होती आणि काढून दिली, आता फरशी नव्यानं बसवायला आलेल्या विडारला.

"फोल्के, तुमची गोटी हुशार आहे," नुसत्या मोज्यांनी न्हाणीघरातून बाहेर येत विडार म्हणाला. "सरळ जाळीत."

"इतकी शहाणी ती कधीच नव्हती," बाबा म्हणाले, आणि हसले. तेच हसू.

विडार काहीतरी आणायला खाली गाडीकडे गेला. उघड्या दारातून जमिनीवरचा निळसर थर दिसत होता — पाणी अडवणारा. उद्या त्यावर फरशा बसल्या की तो कुणालाच दिसणार नव्हता. सिगने प्रयोगशाळेत काँक्रीटचा ओलावा मोजायची. हा थर चुकला तर खालच्या घराचं छत कसं कुजतं ते तिनं पाहिलं होतं. सकाळी तिनं असा थर लावायचा परवाना असलेल्यांची नोंदणी तपासली होती. कंपनीचं नाव होतं. विडारचं नव्हतं... आणि नाव नाही हे दिसताच आपल्याला आनंद झाला, साधा, स्वच्छ आनंद, हे तिला आता आठवत होतं. तो तुसडा असता, तर मी नोंदणी उघडली असती का?

"बाबा, त्याचं ओळखपत्र पाहिलंत?"

"गाडीवर केवढं चिन्ह रंगवलंय."

"ते कंपनीचं. थर लावणाऱ्याचं स्वतःचं लागतं."

"त्याचे हात बघ की मग."

"विमावाले हात बघत नाहीत. गळलं तर खालच्यांचं छतही तुमच्याच गळ्यात."

बाबांनी पावाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "रविवारी फोन करतेस तेव्हा आधी माझ्या नळांची चौकशी करतेस, मग माझी. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, झोप लागते का."

"मग काय सांगितलंत?"

"नाही लागत, म्हटलं."

हे तिला ठाऊक नव्हतं. आई गेल्यापासून दर रविवारी... आणि हे विडारला ठाऊक होतं, कॉफी पिता पिता, सहज, जणू हवापाण्याच्या गप्पा. आपण सांगतोय ते खरं आहे, अक्षर न् अक्षर खरं — मग ते चोरलेल्या वस्तूसारखं हातात का वाटतंय?

विडार वर आला. तिनं विचारून टाकलं.

"परीक्षा मार्चमध्ये आहे," तो म्हणाला. "तोवर सही कंपनीचा मालक करतो."

"त्यांनी हा थर पाहिला?"

"नाही." तो कानामागची दुसरी पेन्सिल काढून बोटांत फिरवत राहिला. "काम थांबवायचं तर थांबवा. तुमचं बरोबर आहे."

बाबांनी विडारकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. आता ती काय बोलते, याची वाट पाहत. आणि तिला कळेना, की तोंड उघडलं तर त्यातून न्हाणीघराची काळजी निघेल की ती सहा वर्षांची मुलगी.

"पाणसळ देता?" ती म्हणाली.

विडारनं आपली अर्ध्या मीटरची पाणसळ पुसून दिली, सोबत मोजायची पोलादी पट्टी. सिगने बूट काढून आलीच होती. गुडघे जपून टेकत ती आत बसली. अर्ध्या मीटरला निदान साडेतीन मिलिमीटर उतार लागतो, फार तर दहा. त्याबाहेरचा एखादा आकडा निघाला असता तर बरं झालं असतं. गोटी केव्हा मुठीत आली होती कोण जाणे. पाणसळीतला बुडबुडा मधे येईपर्यंत तिनं तिचं जाळीकडचं टोक उचललं आणि त्याखाली पट्टी उभी धरली.

सहा मिलिमीटर.