सुतळीचं घर

आमच्या गाई ऑफिसच्या वेळेत वितात. हे मी म्हणत नाही, आमची नोंदवही म्हणते. तीन वर्षांत एकेचाळीस वासरं झाली आणि त्यातलं एकही सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर जन्माला आलेलं नाही. हा चमत्कार आराखडा कार्यालयातल्या मॅडमनी सगळ्यात आधी ओळखला, आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

आमचा गोठा डोंगराच्या उतारावर आहे आणि राहतं घर खाली गावात, गाडीने पाऊण तासावर. नऊ वर्षांपूर्वी तो सगळा उतार हिरव्या पट्ट्यात गेला. गोठा होता तसा राहू दिला, पण नवं घर बांधायचं नाही असा नियम आला. तेव्हा आम्ही तक्रार केली नाही. डोंगर हिरवा राहावा असं मलाही वाटतं, आमच्या गाई काही डांबर खात नाहीत.

गोठ्यावर पैलवान असतो. काडीसारखा माणूस आहे, वाऱ्याच्या दिवसांत खिशात दगड ठेव म्हणून आमचे हे त्याला चिडवायचे, तेव्हापासून हे नाव पडलं. पण गाईच्या शेपटीकडे बघून ती आज विणार की उद्या, हे तो सांगतो आणि ते चुकत नाही. गाई मुहूर्त बघून वीत नाहीत, बहुतेक रात्रीच वितात, म्हणून तो चाऱ्याच्या खोलीत बाज टाकून झोपायचा. त्याची बायको आणि मुलगी तिच्या माहेरी, दोन बस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी. रविवारी त्या दोघी यायच्या, गोठ्याच्या कट्ट्यावर बसून तिघं डबा खायची आणि शेवटच्या बसला त्या परत जायच्या. लग्नाला आठ वर्षं झाली आणि संसार रविवारचा.

चाऱ्याच्या खोलीत माणूस झोपलेला चालत नाही. दूध तपासणारे वर्षातून एकदा येतात, नोंदवही चाळतात. म्हणून मीच पैलवानाला सांगून ठेवलं होतं, वासराची वेळ दिवसाची टाकत जा, रात्रीचं कुठे लिहू नकोस, नाहीतर तू रात्री इथे काय करत होतास हे विचारतील. तो अक्षर कोरून काढणारा माणूस. त्याने खोटंही इतकं सुंदर लिहिलं की त्यावर कुणाचाही विश्वास बसावा.

यंदा त्याची बायको माझ्याशी बोलायला आली. मुलीला शाळेत घालायचं होतं. शाळा उघडेपर्यंत तिघं एका छपराखाली आली तर ठीक, नाहीतर तिच्या भावाने तिकडच्या पॅकिंगच्या कारखान्यात पैलवानासाठी शब्द टाकून ठेवला होता. ती भांडली नाही, रडली नाही. तिचं चुकत होतं असं मला एक क्षणही वाटलं नाही, म्हणून तर जास्त त्रास झाला.

हिरव्या पट्ट्याच्या नियमात एक फट आहे. जनावरांपाशी रात्रंदिवस माणूस लागतो हे सिद्ध केलं, तर त्या माणसापुरतं छोटं घर बांधता येतं. मी अर्ज केला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. अर्ज केल्यावर पहिली गोष्ट अशी की घर जिथे होणार तिथे खुंट्या ठोकून सुतळी बांधायची, छपराच्या उंचीची एक काठी रोवून तिला लाल फडकं लावायचं आणि महिनाभर ते तसंच ठेवायचं. म्हणजे ज्यांना हरकत घ्यायची त्यांना नीट दिसतं.

हरकत एकट्या हेडमास्तरांनी घेतली. समोरच्या टेकडीवर त्यांचा दुमजली बंगला आहे, पट्टा जाहीर व्हायच्या आदल्या वर्षी बांधलेला. लाल फडक्यामुळे डोंगराच्या नैसर्गिक सौंदर्याला बाधा येते असं त्यांनी लिहिलं. फडकं लावायला कार्यालयानेच सांगितलं होतं. कपाळावर हात मारायला माझे दोन हात पुरेनात.

पण पैलवानाच्या माणसांना ती सुतळी भलतीच आवडली. पुढच्या रविवारी डबा कट्ट्यावर उघडला नाही. आराखड्यात जिथे दार होतं तिथे सुतळीत फट सोडली होती. तिघांनी चपला फटीबाहेर काढल्या आणि तिघं आत जाऊन स्वयंपाकघरात बसली. सुतळी गुडघ्याएवढी, कुठूनही ओलांडता आली असती. मुलगी एकदा ओलांडायला गेली तर आई म्हणाली, भिंतीतून काय जातेस, दार आहे ना. मी दुधाची भांडी घेऊन चालले होते, तिथेच थांबले.

मॅडम पाहणीला आल्या. वय तिशीच्या आत, आवाज मऊ, प्रत्येक वाक्याआधी "तुमची अडचण समजते". त्या येणार म्हणून आदल्या दिवशी आम्ही बाज उचलून गावात आणली, पैलवानाची ट्रंक, आरसा, भिंतीवरचं मुलीचं चित्र, सगळं गाडीत घातलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. रात्री माणूस लागतो म्हणून घर मागायचं, आणि रात्री माणूस असतो हेच झाकायचं.

मॅडमनी नोंदवही मागितली. तीन वर्षांची पानं त्यांनी शांतपणे उलटली. मग म्हणाल्या, तुमची अडचण समजते, पण सगळ्या गाई दिवसाच व्यायल्या आहेत. शिवाय तीन वर्षांत एकही वासरू गेलेलं नाही. मग रात्रीच्या माणसाची गरज कुठे दिसते?

पैलवानाने माझ्याकडे बघितलं. आमचे हे आढ्याकडे बघत होते. आणि मी, जी आयुष्यभर तोंडावर ताबा नाही म्हणून बोलणी खात आले, मी सगळं खरं सांगून टाकलं. तो इथेच झोपतो, वेळा मी खोट्या लिहायला लावल्या, वासरं जगली ती तो इथे झोपला म्हणूनच जगली.

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. आठ दिवसांत दोन कागद आले. एकात चाऱ्याच्या खोलीत बेकायदा वास्तव्य केल्याबद्दल दंड, आणि पुन्हा कुणी तिथे झोपलेलं आढळल्यास गोठ्याचाच परवाना जाईल अशी तंबी. दुसऱ्यात, नोंदवही विश्वासार्ह नसल्याने अर्ज स्थगित. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

मी कार्यालयात जाऊन टेबलासमोर बसले आणि उठणार नाही म्हणाले. तेव्हा मॅडमनी एक छापील तक्ता दिला. सहा महिने खरी नोंद ठेवायची. वासराची वेळ, हजर कोण होतं, तो माणूस कुठून आला. रात्री गोठ्यात कुणी राहायचं नाही. त्या काळात नुकसान झालं, तर गरज सिद्ध होईल. मी विचारलं, म्हणजे वासरू मेलं तर?

"मी तसं म्हटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "नुकसान, असं म्हटलंय."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण इतकी शब्दशः कुणाच्या वाट्याला आली नसेल. फडक्याची काठी आम्ही काढली, खुंट्या आणि सुतळी मात्र तशीच ठेवली. पैलवानाने गावातल्या बसस्टँडमागे एक खोली बघितली आहे असं सांगितलं. संध्याकाळी सातला सायकलवर टांग मारून तो उतार उतरायचा आणि सकाळी आम्ही पोचायच्या आधी हजर असायचा. मी तक्ता भिंतीला टांगला आणि वाट बघू लागले. कशाची, ते मला नीट माहीत होतं आणि तोंडाने म्हणवत नव्हतं.

पहिल्या चार महिन्यांत सात गाई रात्री व्यायल्या. सातही वासरं सकाळी ठणठणीत, आईला लुचत उभी. पैलवान तक्त्यात लिहायचा, सकाळी आल्यावर दिसलं, हजर कोणी नाही. मॅडमना दर महिन्याला प्रत जायची आणि त्यांचं पत्र यायचं की प्रगती समाधानकारक आहे. तिकडे शाळा उघडायला दोन महिने राहिले. एका दुपारी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं की एखादं मेलं तर बरं होईल. ह्यांचा घास हातातच राहिला. मला लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं, आता खोटं कशाला बोलू.

मग चांदी गाईची पाळी आली. पहिलारू, अंगाने लहान, आणि पोटातलं वासरू मोठं. पैलवान दोन दिवस तिच्या भोवती घिरट्या घालत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला सायकलीपर्यंत पोचवायला गेले आणि म्हणाले, आज वळून बघू नकोस. त्याने टांग मारली.

सकाळी साडेसहाला आम्ही पोचलो. चांदी उभी होती, थकलेली, पण उभी. तिच्यापुढे गवतावर एक मोठी कालवड, ओली, मान डगडगत. पैलवान गोणपाटाने तिची पाठ चोळत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले, आणि पाय अनवाणी. कालवडीचा एक पाय मागे दुमडलेला होता, तो आत हात घालून सरळ करायला त्याला तास लागला होता. त्याच्याशिवाय दोघी गेल्या असत्या, आई आणि लेक.

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याच्यावर ओरडले. एवढं होऊ द्यायचं होतं रे, एकदाच, पुढच्या महिन्यात भिंती उभ्या राहिल्या असत्या. आणि तू आलास कसा, एवढ्या अंतरावरून कळलं कसं? तो खाली मान घालून पाठ चोळत राहिला. मग माझी नजर पुन्हा त्याच्या पायांकडे गेली आणि मी बाहेर आले.

सुतळीच्या फटीबाहेर त्याच्या चपला होत्या, जोडीने, टाचा फटीकडे. आत, स्वयंपाकघर ओलांडून, आराखड्यात जिथे झोपायची खोली होती तिथे कोपऱ्यात सतरंजी, उशी आणि वर ताडपत्री. आजूबाजूचं गवत नुसतं दबलेलं नव्हतं, पिवळं पडलं होतं. चार महिन्यांचं पिवळं. सायकल मागच्या झुडपात आडवी. रोज आम्ही पोचायच्या आधी तो हे सगळं गुंडाळून ठेवत असणार. बसस्टँडमागे खोली वगैरे काही नव्हती. चाऱ्याच्या खोलीत झोपायचं नाही असं कागदात होतं, आणि तो कागद त्याने अक्षरशः पाळला होता. ती सात वासरं अशी ठणठणीत का होती, ते मला तिथे उभं राहून कळलं.

मी परत आत गेले, तक्ता खिळ्यावरून काढला आणि त्याच्या हातात पेन दिलं. म्हटलं, मेलं लिही. कालवड आज माझ्या बहिणीच्या गोठ्यावर नेऊन बांधते, कुणाला पत्ता लागणार नाही. एक ओळ लिही आणि घर घे. तीन वर्षं खोटं लिहिलंस, मी लिहायला लावलेलं, आता स्वतःसाठी एकदा लिही.

त्याने हात पुसले, पेन घेतलं. चांदी कालवडीचे कान चाटत होती. त्याने तिकडे बघितलं आणि पेन मला परत दिलं.

"ती बघतेय काकू," तो म्हणाला. "जितीला मेली कसं लिहू?"

मी तक्ता गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात स्वतः भरला. वेळ, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. हजर, पैलवान, त्याच्या खऱ्या नावाने. तिसऱ्या रकान्यापाशी थांबले. माणूस कुठून आला. ह्यांनी मागून हळूच विचारलं, काय लिहितेस, हे वाचल्यावर संपलंच सगळं. मला ते माहीत होतं. मी लिहिलं, घरातून.

निकाल पंधरा दिवसांत आला. रात्रीची गरज विद्यमान व्यवस्थेतून भागत असल्याचे नोंदींवरून दिसते, सबब नवीन बांधकामाची आवश्यकता नाही. खाली मॅडमची सही होती, टपोरी आणि स्वच्छ.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी बायको आणि मुलगी त्याला न्यायला आल्या. त्याची ट्रंक आम्ही गावातून गाडीने आणून दिली. डबा त्यांनी शेवटचा तिथेच खाल्ला, स्वयंपाकघरात, आणि या वेळी मलाही आत बोलावलं. मी चपला बाहेर काढल्या आणि फटीतून गेले. बायकोने खरकटं गोळा केलं, झोपायच्या खोलीतली सतरंजी झटकून गुंडाळली. पैलवान खुंट्या उपटायला वाकला तेव्हा मी त्याला नको म्हटलं.

बसची वेळ झाली तशी तिघं बाहेर पडली. मुलीला काहीतरी आठवलं आणि ती धावत परत आली. फटीत उभी राहून तिने हवेत हात फिरवला, दार लोटून घेतल्यासारखा, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, कुलूप तुम्ही लावाल ना?"

मी हो म्हटलं.