अडतीसपैकी अडतीस

माझ्या धंद्यात एक युक्ती आहे. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "बीप ऐकू आली की दाबा." चार-पाच बीप झाल्या की मध्येच काहीच द्यायचं नाही. नुसती शांतता, आणि आपण बघत राहायचं. शंभरातली वीस माणसं त्या शांततेतही बटण दाबतात. ती खोटारडी नसतात. काचेपलीकडे पांढऱ्या कोटातला माणूस वाट बघतोय, त्याला बरं वाटावं म्हणून भिडेपोटी दाबतात. मी तो आलेख फाडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. "आजी, मला खूश करू नका. मी काही तुमचा जावई नाही. खरं काय ते सांगा."

तीस वर्षं हेच करतोय. कान तपासायचे, कानात पुटीचा मऊ लगदा भरून साचे घ्यायचे, यंत्रं बसवायची, आणि महिन्याभरानं तीच माणसं यंत्र खिशात घालून आली की त्यांच्यावर चिडायचं. दुकानाच्या वरच्या खोलीत मी राहतो. एकटा. लग्न जमलं नाही. ताईचं म्हणणं, मी जमू दिलं नाही. दिवसभर ऐकू न येणाऱ्यांशी ओरडून बोलतो आणि संध्याकाळी वर जाऊन गप्प बसतो. फडताळात सहा कप आहेत, त्यातला एकच विसळला जातो. पण या सगळ्याची मी फारशी तक्रार कधी केली नाही. कारण जगात एक माणूस असा आहे, ज्याला अगदी माझ्यासारखंच सगळं आवडतं, याचा माझ्याकडे लेखी पुरावा होता.

तो पुरावा म्हणजे याद्या.

आम्ही शाळेत असताना 'उलटा स्वेटर' नावाचा एक बँड होता. चार पोरं, दोन गिटार, एक ड्रम आणि नाकात गाणारा गायक. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचा एकच टेपरेकॉर्डर होता आणि त्यावरून रोज मारामाऱ्या व्हायच्या. त्यांच्या दुसऱ्या कॅसेटवर शेवटचं गाणं होतं 'तळघर'. नऊ मिनिटांचं, त्यातली सहा मिनिटं नुसते ड्रम. ते लागलं की मी कान झाकून बोंबलायचो, "भांडी घासतायत का?" मग ताई हसून कॅसेट बाहेर काढायची. बँडनं चार कॅसेट काढल्या, अडतीस गाणी, आणि फुटला. त्याच वर्षी ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. मी बँडचं निमित्त करून ताईसाठी रडून घेतलं. कोणाला पत्ता लागला नाही.

जाताना तिनं नियम घालून दिला. पहिली कॅसेट ज्या तारखेला घरात आली, त्या तारखेला दर वर्षी दोघांनी अडतीसच्या अडतीस गाणी आवडीच्या क्रमानं लिहायची आणि त्याच दिवशी टपालात टाकायची. एकाच दिवशी, म्हणजे कॉपी करायला वाव नको. ज्या नंबरावर दोघांचं गाणं एकच, तिथे एक गुण.

पहिल्या वर्षी पाच गुण पडले. ताईनं फोन केला. "पाचच? अरे, आपण एकाच घरात वाढलो ना?" हसतच म्हणाली, पण मला ते फार लागलं. तिची यादी मी रागानं फाडून टाकली. राग माझ्या नाकावर असतो, त्याला औषध नाही. लक्षात राहिलं ते इतकंच, की तिचं पहिलं गाणं 'पत्ता बदलला' होतं आणि माझं 'लिफ्ट बंद आहे'.

पुढच्या वर्षापासून मी लबाडी सुरू केली. मला काय आवडतं ते गेलं चुलीत. ताईनं काय लिहिलं असेल याचा विचार करून लिहायला लागलो. गुण वाढत गेले. अकरा, एकोणीस, तीस. शेवटची बारा वर्षं तर अडतीसपैकी अडतीस. निकाल लागला की ताईचा फोन यायचा आणि ती म्हणायची, "बघ, एका हाडामांसाचे." मग वर्षभर मला एकटं वाटायचं नाही. म्हणजे वाटायचं, पण कमी.

महिन्यापूर्वी ताईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी धावत गेलो तेव्हा ती यंत्रांना जोडलेली होती, डोळे मिटलेले. आठवडाभर बाहेरच्या बाकावर बसून परत आलो. मग गेल्या मंगळवारी, एका आजोबांच्या कानात पुटी भरलेली असताना, भाचीचा फोन आला.

"मामा, आईनं डोळे उघडलेत. डाव्या हाताचं एक बोट उचलते. पण आम्ही बोलतो ते तिला कळतंय की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तिच्या सगळ्यात आवडीचं गाणं लावून बघा. तुला तर पाठच असेल. आईचं पहिलं कुठलं?"

"'चल ना फिरायला'," मी क्षणात सांगितलं. एकतीस वर्षं आमच्या दोघांच्या यादीत तेच पहिलं होतं.

संध्याकाळी पुन्हा फोन. "मामा, काहीच नाही रे. उलट तिनं तोंड फिरवलं. नक्की हेच ना?" भाचीचा आवाज रडवेला होता. "तुला नाही माहीत, तर मग कोणाला माहीत असणार?"

मी वरच्या खोलीत जाऊन पाकिटांचा डबा काढला. दुसऱ्या वर्षाची ताईची यादी उघडली. तिचं पहिलं गाणं: 'लिफ्ट बंद आहे'. माझं. आणि त्याच वर्षी मी पहिलं लिहिलं होतं 'पत्ता बदलला'. तिचं. तेव्हा मला वाटलं होतं, हिची आवड बदलली, आणि नेमकी मी माझी सोडली तेव्हा. नशिबाला शिव्या घातल्या होत्या मी. तिसऱ्या वर्षी दोघांनीही 'चल ना फिरायला' लिहिलं. केस कापायच्या दुकानात, बसमध्ये, जिथे तिथे वाजणारं गुळमट गाणं. मी ते लिहिलं, कारण ते सगळ्यांनाच आवडतं, तर तिलाही आवडत असेल. तिनं का लिहिलं, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हातात पाकीट धरून कळलं.

शांततेत बटण दाबणारी दोन माणसं, एकमेकांकडे बघत, बत्तीस वर्षं. आणि त्यातल्या एकाचं पोट याच कामावर चालतं. अशी माणसं ओळखून काढण्याच्या कामावर. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. ताईला काय आवडतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला काय आवडतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मग इतकी वर्षं मला ओळखणारं कोण होतं? त्या संध्याकाळी ती खोली मला जितकी रिकामी वाटली, तितकी कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि पहाटेची बस धरली. चार तासांचा रस्ता. मांडीवर वही घेऊन माझी स्वतःची दहा गाणी लिहायला बसलो, खरीखुरी. हातानं आपणहून पहिलं लिहिलं 'चल ना फिरायला'. खोडलं. मग बराच वेळ काही सुचेना. स्वतःची आवड आठवायला इतका वेळ लागावा, याची लाज वाटली. शेवटी 'लिफ्ट बंद आहे' लिहिलं आणि मग बाकीची हळूहळू आली.

ताईला खिडकीजवळची खाट मिळाली होती. कोणीतरी तिचे केस विंचरून मधोमध भांग पाडला होता. ती आयुष्यभर डावीकडे पाडत आली. मी आधी तो भांग नीट केला. भाची डबा आणायला घरी गेली होती. मी खुर्ची ओढून बसलो, फोन तिच्या उशीजवळ धरला.

"ताई, मी एकेक गाणं लावतो. आवडलं की बोट उचल. नाही आवडलं तर नको."

पहिलं लावलं. बोट वर. दुसरं. वर. तिसरं, चौथं, पाचवं, सगळ्यांना बोट वर. हिला कळतंय, ही आहे इथे. आणि मग तीस वर्षांची सवय आडवी आली. मी फोन तसाच धरला, बोटानं काच दाबल्यासारखं केलं आणि काहीच लावलं नाही.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. थोडा वेळ गेला. मग तिनं बोट उचललं.

मी फोन खाली ठेवला. हसावं की रडावं कळेना, मग रडलोच. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी भिंतीकडे तोंड केलं, देव त्यांचं भलं करो.

"ताई, आता काहीच वाजत नव्हतं," मी म्हणालो. "माझ्यासाठी बोट उचलू नकोस. मी पण तुझ्यासाठी लिहीत आलो गं. दुसऱ्या वर्षापासून. 'चल ना फिरायला' मला कधीच आवडलं नाही. डोकं उठतं माझं त्यानं. तुझ्याशी जुळावं म्हणून लिहायचो. पाच गुण पडले तेव्हा मला वाटलं, ही आता तिकडचीच झाली."

तिचे डोळे माझ्यावरच होते. डावा डोळा भरला आणि पाणी कानाकडे ओघळलं. मी ते माझ्या बाहीनं पुसलं.

"परत पहिल्यापासून," मी म्हणालो. "या वेळी खरं."

आणि पुन्हा काहीच लावलं नाही. वाट पाहिली. बोट चादरीवर तसंच पडून राहिलं. मी मनातल्या मनात दहा मोजले. बोट हललं नाही. माझ्या धंद्यात याला म्हणतात, आता तपासणी सुरू करायला हरकत नाही.

'चल ना फिरायला' लावलं. बोट खाली. तिच्या तोंडाची डावी कड जरा वाकडी झाली. ते हसू होतं, पैजेवर सांगतो. 'पत्ता बदलला' लावलं. खाली. तेही कधीतरी मागे पडलं असणार, मला न कळवता. मग 'लिफ्ट बंद आहे'. मी ते अर्धा मिनिट नाही, सबंध वाजू दिलं. शेवटचं कडवं मी ओठांतल्या ओठांत म्हटलं. ताईनं पूर्ण ऐकलं. बोट चादरीवरच.

दुखलं. खोटं कशाला बोलू? जगातलं माझं सगळ्यात लाडकं गाणं, आणि माझ्या बहिणीला त्याचं काही नाही. मी तिला म्हणालो, "बरं." आणि पुढचं लावलं.

अडतीस व्हायला तासाच्या वर गेला. मध्ये ती दमली, पाणी पाजणाऱ्या बाई येऊन गेल्या, मग पुन्हा. बोट सगळी मिळून नऊ वेळा उचललं गेलं. मी वहीत तिच्या नऊ गाण्यांपुढे खूण केली आणि माझ्या दहांशी ताडून पाहिली.

"ताई," मी म्हणालो, "दोनच."

तिच्या पोटावरची चादर हलायला लागली. आवाज नव्हता, पण ती हसत होती. मग मीही हसलो. पाचाचे दोन झाले होते, आणि दोघं मिळून हसत होतो.

त्या नऊमधलं शेवटचं 'तळघर'. बत्तीस वर्षं दोघांच्या यादीत अडतिसाव्या नंबरावर होतं. त्या गाण्याच्या सुरुवातीला, ड्रम वाजण्याआधी, कोणीतरी नुसतं खोकतं. त्या खोकल्यालाच तिचं बोट वर आलं होतं, आणि मी फोन बंद करेपर्यंत खाली गेलं नव्हतं. शाळकरी पोरानं कान झाकून बोंब मारली, तेव्हापासून ती ते एकटीच ऐकत आली असणार. नवरा कामाला गेल्यावर, पोरगी शाळेत गेल्यावर, दार लावून. माझ्याच शहरापासून चार तासांवर.

"परत लावू? पूर्ण?" मी विचारलं.

बोट वर.

मी आवाज मोठा केला आणि तिचा डावा हात हातात घेतला. सहा मिनिटं ड्रम चालले. तिचं बोट माझ्या तळहातावर ठेका धरत होतं, जरा मागे पडत, पण चुकत नव्हतं. नऊ मिनिटं मी कान न झाकता बसलो. आयुष्यात पहिल्यांदा ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मला ते अजूनही आवडलं नाही, आणि तसं मी तिला सांगितलं.