चंदनी पंजाचा कौल

मी एक कौल बोलतोय, म्हणजे राज्याने रयतेला लिहून दिलेला अभयाचा कागद. मला सगळं बरोबर आठवतंय की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. माझ्या अंगावर वर फारसी आहे, खाली मोडी. दोन लिप्या अंगी असूनही ठामपणे काही सांगायला मी कचरतो.

एलिचपूरच्या महालात मला पडद्यापाशी धरलं होतं. ओल्या चंदनाने माखलेला एक हात पडद्याआडून आला आणि माझ्यावर टेकला. लहानसा होता, निदान मला तसा भासला. तो उठला तेव्हा समोरची सगळी पागोटी वाकली. तो दिपलेपणा अजून उतरलेला नाही.

मजकूर एवढाच: ‘सुलतानांचा कौल असे. लढाई सरली. गावी या, पेरा. फौज तुमच्या वाटेस जाणार नाही.’

कागद पोचवणाऱ्या जासुदाने मला सातपुड्यात नेलं. आज संग्रामपूर आहे त्या बाजूचं एक गाव फौजेच्या भीतीने तिथे दडलं होतं. मृगाला आठ दिवस होते. पेरणी चुकली तर माणसं उपाशी मरणार. मी खोटा निघालो तर कापली जाणार.

जानराव पाटलाने मला उलटसुलट पाहिलं. “सुलतानाचा पंजा एवढुसाच? काऊन बे, कोनाले बनवून राह्यला?”

“मी कागद आनतो पाटील, हात मोजत नाई,” जासूद म्हणाला.

पाटलाची आई मनकर्णाबाई पुढे झाली. तिने आपला तळवा माझ्यावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. “बाईचा हात हाय हा. चाल, उतरू खाली.”

“राज्य म्हंजे काय चूल हाय, माय?”

“तुह्या बापामागं पाटीलकी कोनं सांभायली रे?”

जानरावाने माझी घडी करून मला कमरेला खोचलं. दुसऱ्या दिवशी गाव खाली उतरलं.

ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा सुलतानांचे स्वार शेताच्या धुऱ्यापाशी येऊन थडकले. पाटलाने मला उलगडलं. सरदार घोड्यावरून उतरला, त्याने मला डोळ्यांना लावलं आणि सारी फौज खडकाळ माळावरून वळवली. कुणी कधी न पाहिलेल्या त्या हाताने पाचशे घोडे थोपवले.

आता मी संग्रहालयात काचेखाली आहे. चंदन फिकं झालंय. मला उन्हात धरू नका, एवढंच मागणं. पाहुणे ‘सुलतानांचा पंजा’ म्हणत पुढे जातात. त्यांना टोकायला पुराव्यावाचून माझी जीभ रेटत नसे.

मी इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी सुलतानांच्या जन्माची नोंद असलेला एक कागद शेजारी आला. मी तारखा दोनदा ताडून पाहिल्या. माझ्यावर पंजा उमटला त्या दिवशी सुलतान अकरा महिन्यांचे होते.