मालकानं सुट्टी नाही देली

बुधवारी माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं, आन् रविवारपर्यंत आमच्या यांले ठरवायचं होतं का ट्रक स्वतःचा घ्यायचा का दुसऱ्याचाच चालवत राहायचा. मले त या दोन्ही गोष्टी एकच दिसत होत्या. गाडी स्वतःची झाली त बुधवारी हे माझ्याजवळ राहतीन, नाही त नाही.

एकोणीस वर्षं हे वामनरावांच्या गाडीवर. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून राख भरायची, सिमेंटच्या कारखान्यात नेऊन टाकायची. आमची मिनल झाली तवा हे चंद्रपूरले. माझे बाबा गेले तवा बी तिकडंच. दर खेपेले एकच वाक्य, "मालकानं सुट्टी नाही देली वं." मी त्या वामनरावाले जितक्या शिव्या घातल्या तितक्यांदा देवाचं नाव बी घेतलं नसन. घरी आला का रागानं बिनसाखरेचा चहा देऊ मी त्याले. त्याले शुगर, तो म्हणे, "सत्यवतीबाई, घरच्यांले नाही तेवढी काळजी तुमाले." आता म्हाताऱ्यानं धंदा आवरता घेतला आन् यांले म्हणाला, "दुर्गेश, ही गाडी तूच घे गा. आठ दिवस तुझ्या दारात उभी ठेव, रविवारी सांग."

यांचं काही ठरेना. मंग कोणतं भूत डोक्यात शिरलं देव जाणे, म्हणाले, "आधी आठ दिवस मालक होऊन पाहतो. जमलं त घेतो." बर्डीच्या बाजारात जाऊन दुसरा मोबाइल आणला. अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली, माझा चष्मा डोळ्यावर चढवला, आन् केबिनीत ठेवलेल्या स्वतःच्याच फोनवर फोन लावला. खुर्चीवरून दरडावायचं, पळत जाऊन केबिनीतून जवाब द्यायचा, मंग परत पळत खुर्चीवर.

"कुठं पोचला बे?"

"पारशिवनीच्या फाट्यावर हाय मालक. जाम लागला."

गाडी आमच्या दारात. कॉलेजातून आलेली मिनल दप्तर हातात घेऊन पाहून राहिली होती. मालकाले शंका आली. तिले म्हणाले, "जाय बेटा, तो खरंच पारशिवनीले आहे का पाहून ये." पोरगी गेली, आली, म्हणे, "नाही बाबा, खोटं बोलून राहिला. इथंच हाय." मालक असे भडकले का ड्रायव्हर त्या दिवशी जेवलाच नाही.

चौथ्या दिवशी दोघांचं बोलणं बंद झालं. मी मालकाले खुर्चीवर कपात चहा देऊ, ड्रायव्हरले पायरीवर स्टीलच्या गिलासात. दोन्ही हेच पीत. मंग स्वयंपाकघरात येऊन मले सांगत, "हा त वामनरावाहून बेक्कार निघाला वं. माणसाले माणूस समजत नाही." शेजारची तुळसाबाई म्हणे, "यांले डॉक्टरले दाखव बाई." मी म्हटलं, डॉक्टरकडे मीच जाऊन राहिली बुधवारी, एका घरात एक पेशंट पुरे.

खरं सांगू, मले हे सारं बरंच वाटून राहिलं होतं. मालक घरातच असला त सुट्टी मागायले लांब जा लागत नाही. शनिवारी मी मिनलकडून अर्ज लिहून घेतला. ड्रायव्हर दुर्गेश यांच्या पत्नीचे ऑपरेशन असल्यामुळे तीन दिवसांची सुट्टी मिळावी. पदर नीट केला आन् खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

मालकानं अर्ज दोनदा वाचला. "खड्याचंच आहे ना?"

"हो जी."

"तीन दिवसात भागते का?"

"भागवून घेते."

मालकानं तीन खोडून पाच केले आन् खाली सही ठोकली. माझं मन भरून आलं. एकोणीस वर्षांत असा मालक भेटला नव्हता. मंग ते ड्रायव्हरले सांगायले म्हणून गाडीकडे गेले, बराच वेळ केबिनीत बसले. थोड्या वेळानं मागच्या दारानं ड्रायव्हर आत आला, मान खाली घालून.

"मालकानं सुट्टी नाही देली वं."

अर्ज माझ्या हातातच होता. मी तो यांच्या तोंडासमोर धरला. यांनी आपलीच सही पाहिली.

"वामनरावानं कधी नाही म्हटलं होतं?" मी विचारलं.

"मी मागितलीच नाही कधी." मंग सारं सांगून टाकलं. "मिनलच्या वेळी मी चंद्रपूरले नव्हतो. दवाखान्याच्या गेटासमोर गाडी लावून बसलो होतो. खाली उतरायची हिंमत झाली नाही. तुले काही झालं असतं त मी काय केलं असतं? मले भेव लागते वं."

मले असा राग आला का ओट्यावरचं लाटणं मी दूर सारून देलं, नाही त डोक्यातच घातलं असतं. मंग रडू आलं, आन् रडू आलं म्हणून अजून राग आला. म्हटलं, "उद्याच घ्या ती गाडी. मालक झाल्यावर कोणाच्या नावावर ढकलता ते पाहते मी."

"म्हणूनच त ठरत नव्हतं," हे म्हणाले.

रविवारी वामनराव आले. यांनी त्यांले सांगितलं, गाडी घेतो, पण पुढच्या सोमवारपासून. मधात बायकोचं ऑपरेशन आहे. वामनराव म्हणाले, "अरे, मंग सांगायचं ना गा आधी." यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवारी मी दवाखान्याचा झगा घालून खाटेवर पडली होती. सिस्टर कागद घेऊन आली, म्हणे, नातेवाईकाची सही पाहिजे. यांनी पेन घेतला आन् मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी येऊन सही करीन अशा आशेनं. मागं भिंत होती. मंग यांनी कागद माझ्या खाटेच्या कडेवर ठेवला, एका हातानं माझं मनगट धरलं, आन् दुसऱ्यानं सही केली.