मैनाबाईनं भरलेली मोटार

मी विहिरीवरची मोटार बोलतेय. विहीर मात्र आता माझ्याजवळ नाही. पांढरकवड्याला, हायवेपासून थोडं आत एक टिनाचं शेड आहे. तिथल्या लांब टेबलावर मी बसलेली असते. माझ्यासारख्या आणखी दोघी आहेत, पण त्या बोलायला फारशा उत्सुक नसतात.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतं ते मुकुटबनकडचं मारोतरावांचं शेत. त्यांनी मला आणलं त्या दिवशी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं होतं आणि खताच्या रिकाम्या चुंगडीचं, म्हणजे पोत्याचं, पांघरूण केलं होतं. त्यांच्या कपाशीला आणि तुरीला मी अकरा वर्षं पाणी दिलं. मारोतराव मोटारीशी बोलणारे होते. बटन दाबलं की म्हणायचे, "चाल माय." मग मी चालायची.

पण आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी. तीनपैकी एक फेज कधी निघून जाईल, सांगता येत नाही. दोन फेजवर मी नुसती गुणगुणत बसायची आणि आतली तार तापायची. अशी दोनदा जळाले. दोन्ही वेळा मारोतरावांनी मला मोटारसायकलवर बांधून पांढरकवड्याला भरायला नेलं. भरायचं म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी घालायची. प्रत्येक वेळी आठ-आठ दिवस लागले आणि तिकडे शेत वाळत राहिलं. तिसऱ्यांदा जळाले तेव्हा त्यांनी पाण्यात बुडून चालणारी नवी मोटार घेतली. मला भंगारवाल्याकडे दिलं. देताना पुन्हा दुपट्ट्यानं पुसलं. मला राग आला नाही.

भंगाराच्या ढिगातून मला अनंत सरांनी उचललं. सर मूळचे यवतमाळचे, घरात सगळे कचेरीत नोकऱ्या करणारे. यांनी मात्र आयुष्यभर मोटारी उघडल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा वर्ग काढला.

याला वर्ग म्हणायचं म्हणून म्हणतात. इथे घंटा नाही, पहिला बाक नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करायचा धडाही नाही. ज्याला जेव्हा जमेल त्यानं तेव्हा यायचं. धडे मोबाइलवर असतात. ते बघायचे, थांबवायचे, परत बघायचे आणि माझ्यावर हात चालवायचा. प्रत्येकाचं एक कार्ड असतं. काम तपासायला तयार आहे असं ज्याला वाटेल, त्यानं आपलं कार्ड भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचं. मग सर उठून येतात. त्याआधी ते "झालं का?" असं कधीच विचारत नाहीत. विचारलं की माणूस घाईघाईनं हो म्हणतो, असं त्यांचं म्हणणं.

इथे येणारी माणसं मोठी असतात. कोणाचं लग्न झालेलं, कोणाला नातवंडं. सकाळी दूध घालून येणारे येतात, दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून येणारे येतात. मी पाहिलंय, मोठी माणसं शिकताना फार लाजतात. वहीवर हात ठेवून लिहितात. न कळलेला धडा दहा वेळा मोबाइलवर मागे नेतील, पण शेजाऱ्याला विचारणार नाहीत. स्टुलावर बसतात तेही टोकाला, केव्हाही उठून जायची तयारी ठेवून.

मैनाबाई अशीच टोकाला बसायची.

ती उन्हाळ्यात आली. मुकुटबनच्या अलीकडच्या एका गावची, सातवीपर्यंत शिकलेली, चाळिशीला आलेली. घरी कपाशी-सोयाबीनचं शेत. तिच्या गावात मोटार भरणारं कोणी नाही. तिथल्या बचत गटाची गिरणीला लागून एक खोली आहे. गटाच्या अध्यक्ष तानाबाई. त्यांनी सगळ्या बायांसमोर सांगितलं होतं, की मैनानं संक्रांतीच्या आत मोटारीचं प्रमाणपत्र आणलं तर खोली तिच्या दुकानाला, नाही तर मोबाइल रिचार्जवाला केव्हाचा मागतोच आहे. मैनाबाईला ती खोली फार हवी होती. जेवताना डबा उघडला की ती खोलीबद्दल बोलायची. दार उत्तरेला आहे, मोटार आत घ्यायला उंबरा आड येत नाही, असं.

माझ्या पोटात छत्तीस खाचा आहेत. त्यात कागद बसवायचा, अठरा कॉईल घालायच्या, वरून बांबूच्या काड्या ठोकायच्या, टोकं जोडायची आणि दोऱ्यानं बांधायचं. मैनाबाईचा हात चांगला होता. तार ओढताना ती तारेला दुखवायची नाही. दोन महिन्यांत तिनं मला पहिल्यांदा पूर्ण भरलं. मी मनात म्हटलं, आता ही खिळ्याकडे जाणार.

ती गेली नाही. माझ्याकडे बराच वेळ पाहत बसली. तेवढ्यात सरांच्या चपला वाजल्या आणि तिनं पक्कड घेऊन काड्या उपसायला सुरुवात केली. अर्ध्या तासात मी रिकामी.

मग हा नेमच झाला. गणपतीपर्यंत तिनं मला चार वेळा भरलं आणि चार वेळा काढलं. प्रत्येक वेळी भरणं आधीपेक्षा नीट. प्रत्येक वेळी सरांच्या चपला वाजायच्या आत काढणं. सरांना कळत होतं. ते चष्मा पुसायचे, खिडकीबाहेर बघायचे, पण स्वतःचा नियम मोडायचे नाहीत. मला कधी कधी त्या माणसाचा राग यायचा.

शेजारच्या मोटारीवर डोंगरसिंग बसायचा. त्यानं बावीस वर्षं नागपूर-हैदराबाद ट्रक चालवला होता. गुडघा गेला म्हणून गाडी सोडली आणि इथे आला. त्याचं सगळं उलटं. तिसऱ्याच दिवशी त्यानं खिळ्याला कार्ड अडकवलं आणि नापास झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा अडकवलं, पुन्हा नापास. मैनाबाईला म्हणायचा, "ताई, माह्या कार्डाचं भोक पाहा. अडकवू अडकवू फाटून गेलं. सरनं नवं कार्ड देलं, तेबी आता तयारीत आहे फाटाच्या." ती तोंडाला पदर लावून हसायची.

एक दिवस ती काड्या उपसत असताना त्यानं हातातलं काम ठेवलं.

"ताई, काहून काढून राह्यल्या? चांगली तं होती."

"एक कॉईल तिरपी वाटली मले, दादा."

"मागच्या बारीले काय वाटलं होतं?"

तिनं आणखी एक काडी उपसली. मग पक्कड खाली न ठेवता तिनं सांगितलं, "तुमची मोटार बंद पडली तं लोक म्हणतीन, लाइट खराब. बाईनं भरलेली पहिली मोटार बंद पडली तं गावात दुसरी कोणी आणत नाही. माहा दीर आत्ताच इचारते, वहिनी, मोटार भरता का पोळीत पुरण. मले चुकून चालत नाही."

डोंगरसिंगनं आपलं काम पुन्हा हातात घेतलं. त्या दिवसापासून माझा सरांवरचा रागही गेला. ती मला का उसवते ते कळलं होतं.

दिवाळी झाली आणि शेतं पांढरी झाली. कापूस वेचायला घरचा प्रत्येक हात लागतो. मैनाबाईनं सरांना सांगितलं, की आज शेवटचा दिवस, आता महिना-दीड महिना येणं व्हायचं नाही. त्या दिवशी तिनं मला पाचव्यांदा भरलं. शेवटची गाठ मारली आणि बाहेर काळीपिवळी जीपवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्याला त्या दिवशी लवकर निघायचं होतं. तिनं पक्कड उचलली, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. पुन्हा हॉर्न. पक्कड टाकून, डबा छातीशी धरून ती पळाली.

आणि मी पहिल्यांदाच भरलेली राहिले.

इथला नियम असा, की अर्धवट कामाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सरांनी तिचं कार्ड माझ्या कडीला बांधलं आणि अंगावर पोतं टाकलं. पण पोतं रोज सकाळी निघायचं. डोंगरसिंग काढायचा. हात लावत नसे. स्टूल ओढून, दुखरा गुडघा लांब करून तो माझ्या पोटात वाकून बघायचा, मग आपल्या मोटारीत बघायचा. कॉईलची टोकं तिनं कशी वळवली, कागदाचा काठ कसा दुमडला, कोणतं टोक कोणाला जोडलं. आपलं काढायचा आणि तसं करायचा. ट्रकवर रस्ता विचारत जाणाऱ्या माणसाला असं बघून शिकायची लाज नसते बहुतेक. डिसेंबरात त्यानं सहाव्यांदा कार्ड अडकवलं आणि पास झाला. सरांनी विचारलं, हे असं नीट भरायला कोणी शिकवलं. तो म्हणाला, "मॅडमनं. त्या वेचणीले गेल्या."

मैनाबाई परत आली ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. बोंडांच्या टोकांनी बोटांना बारीक चिरा पडलेल्या. संक्रांतीला आठवडा उरला होता. ती आली, पोतं काढलं, मला भरलेली बघून दचकली. ती स्वतःच मला तसं सोडून गेली होती हे जणू तिला आत्ता आठवलं. मग सवयीनं तिचा हात पकडीकडे गेला.

"थांबा ताई," डोंगरसिंग म्हणाला. पास होऊनही तो रोज येत होता. "ह्या मोटारीले हात नका लावू. हिच्याकडे पाहून मी पास झालो. तिच्यात चुकी अशीन तं माहं प्रमाणपत्रबी वापस द्या लागन."

तिला खरं वाटेना. तिला दाखवायची म्हणून सरांना सांगून भरलेलीच ठेवलेली आपली मोटार त्यानं पुढे ओढली. तिनं एकेक कॉईल बोटानं मोजली, वळणं बघितली. आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या हातातून झालेलं ती बघत होती. त्यात तिला तिरपं काही दिसलं नाही.

तिनं पक्कड ठेवली. टेस्ट लॅम्प आणून तपासायला बसली. तार आणि माझं लोखंडी अंग यांच्यामध्ये दिवा लावून पाहिला, लागला नाही. म्हणजे तार कुठेही सोललेली नव्हती. तिन्ही फेजांची टोकं तपासली, दिवा तिन्ही वेळा लागला. मग तिनं माझ्या आत फिरणारा रोटर बसवला, दोन्ही झाकणं आवळली. कडीचं कार्ड सोडलं. खिळ्यापर्यंत दहा पावलं असतील. तिला बराच वेळ लागला.

सरांच्या चपला वाजल्या. या वेळी ती हलली नाही.

सरांनी सप्लाय जोडला आणि हिरवं बटन तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं डोळे मिटून दाबलं. किती वर्षांनी माझ्या अंगात तिन्ही फेज एकदम धावल्या! मी फिरले. आवाज एकसारखा, कुठे गुणगुण नाही, कुठे गरमी नाही.

पण सर वाकून माझ्या अंगाकडे बघत होते. माझ्या अंगावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण ओतलेला आहे. मी बाणाच्या उलट फिरत होते. अशी मोटार विहिरीवर नेली तर पाणी धड वर चढत नाही.

मैनाबाईनं डोळे उघडले. बाण बघितला, माझा मागचा पंखा बघितला. मी तिचा चेहरा ओळखत होते. हाच चेहरा चार वेळा माझ्यावर वाकला होता आणि चारही वेळा त्यानंतर काड्या उपसल्या गेल्या होत्या. डोंगरसिंगनं मान खाली घातली. सर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना सांगता आलं असतं, पण त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

तिनं लाल बटन दाबलं. पंखा पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली. सप्लाय बंद आहे हे दोनदा तपासलं. मग माझ्या पोटाच्या बाजूला न जाता तिनं वरची छोटी डबी उघडली, जिथे तीन तारा येऊन जुळतात. त्यातल्या दोन सोडल्या आणि एकीच्या जागी दुसरी लावली. एवढंच. डबी बंद करून हिरवं बटन दाबलं, डोळे उघडे ठेवून.

मी बाणाच्या दिशेनं फिरू लागले.

"काय चुकलं होतं, मैनाबाई?" सरांनी विचारलं.

तिनं पदरानं बोटं पुसली. मग म्हणाली, "माहं भरणं नाही चुकलं, सर. दोन तारा इकडच्या तिकडं होत्या."

सरांनी मान डोलावली आणि कार्डावर सही केली. त्यांचा चष्मा पुन्हा पुसायला आला होता.

पास झालेल्यानं आपली मोटार पुढच्यासाठी रिकामी करायची असते. तिनं पाचव्यांदा माझ्या काड्या काढल्या. या वेळी कोणाच्या चपलांची भीती नव्हती. एकेक कॉईल उचलून तिनं टेबलावर ओळीनं मांडली आणि शेवटी पदरानं मला आतून पुसलं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी ती प्रमाणपत्र घेऊन गेली. गिरणीजवळच्या खोलीचं दार उघडलं, असं डोंगरसिंग सांगतो. तो वाटेनं जाताना थांबून आला. पहिली मोटार कोणाची आली असेल? दिराची.

मी आता पुन्हा रिकामी आहे. पाणी ओढायचं काम माझ्या वाट्याला परत येणार नाही. भरून घ्यायचं आणि रिकामं व्हायचं, हेच माझं चालणं. मला ते आवडतं.

तुमच्यातही कोणी असेल, शाळा सुटून वर्षं झालेलं आणि काही शिकावंसं वाटणारं. त्याला एवढंच सांगायचं आहे. काम उसवण्याआधी एकदा बटन दाबून बघा. उलटं फिरलं तर फिरू द्या. सगळंच चुकलेलं नसतं. आणि घरी असं कोणी शिकत असेल, तर त्याला रोज "झालं का?" विचारू नका. डबा द्या, बस्स.

नवं कार्ड किसनरावांचं आहे. वय एकसष्ट. त्यांना बारीक तार दिसत नाही, म्हणून सर मला खिडकीकडे उजेडात ओढताहेत. त्यांचा धडा सुरू होतोय. येते मी.