खोपोलीला चाक फिरवताना

“थांब रे दादा, मी पण आलो!” म्हणत दगडूने खोपोलीच्या नाक्यावर सायकल उलटी केली आणि गुणाजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

मुंबई-पुणे शर्यतीत गेली तीन वर्षं घाट गुणाजीचा होता. लालबागच्या चाळीत त्याला नावाने कमी आणि ‘घाटवाला’ म्हणून जास्त ओळखत. गिरणीतल्या फिटरला दुसरं मिरवायला होतं तरी काय? यंदा त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या दगडूने सदऱ्याच्या पाठीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं रंगवून घेतलं होतं. मग काय, पनवेलपासून गावंच्या गावं त्याच्यासाठी रस्त्यावर! घोषणा काय, टाळ्या काय, लिंबूपाणी काय. मोर्च्यात लाठी गुणाजीनेही खाल्ली होती. पण पाठीवर लिहायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि त्याचाही राग तो दगडूवरच काढत होता.

घाटाच्या पायथ्याशी सगळेच उतरत. मागच्या चाकाला एका अंगाला सपाटीचं लहान फ्रीव्हील, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, दुसऱ्या अंगाला चढाचं मोठं. चाक काढायचं, फिरवून बसवायचं, दोन्ही नट आवळायचे नि सुटायचं. गुणाजीचं उरकलं. पाना खिशात टाकताना त्याने शेजारी पाहिलं. दगडूने डावा नट आवळला. तेवढ्यात लोकांनी घोषणा दिली, त्याने हसत हात वर केला, आणि उजवा नट नुसता बोटाने फिरवलेला तसाच ठेवून सायकलवर टांग मारली.

फिटरच्या नजरेतून ते सुटणार थोडंच! ‘दगड्या, नट!’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला आणि गुणाजीने तो गिळला.

दुसऱ्याच वळणावर चढाचा जोर लागला, दगडूचं चाक तिरपं सरकून सांगाड्याला घासलं आणि साखळी पडली. गुणाजी त्याच्या बाजूने पुढे गेला. मागून हाक आली, “जा दादा! चाळीचा कप सोडू नको!”

पुण्यात गुणाजी पहिला आला, दगडू एकविसावा. आल्या आल्या त्याने गुणाजीला मिठी मारली.

“चूक आपलीच रे. नट आवळायचा राहिला. तू बघितलं असतंस तर ओरडला असतास, नाय?”

“हं,” गुणाजी म्हणाला.

शर्यत जिंकली तरी हेवा काही गेला नाही. आता त्याला दगडूच्या त्या मोकळ्या हसण्याचा हेवा वाटत होता. हरल्यावर आपण असे कधी हसलो होतो, ते त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉरीतून लालबागला उतरताच दगडूने कप डोक्यावर घेतला नि धूम ठोकली. “आमच्या दादाने मारली!” तो दारोदार सांगत सुटला. चाळीतल्या गंगुबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या.

“अगो बाई, पण घाटवाला खंय?”

घाटवाला अजून रस्त्यावरच होता. एका हाताने आपली आणि दुसऱ्या हाताने दगडूची सायकल ढकलत तो चाळीच्या दारापर्यंत आला. दार अरुंद, दोन्ही एकदम आत जाईनात. त्याने दगडूची आधी आत घातली आणि आपली धरून तो बाहेरच उभा राहिला.